तळहाताला न कळलेला चटका

दमयंतीबाईंना सल्ला विचारावा लागत नसे, तो मिळायचाच. शहागंजच्या मागच्या अंगाला कापडाच्या व्यापाऱ्यांनी ट्रस्ट करून बायकांचा एक दवाखाना काढला होता आणि त्याला चिकटूनच नर्सिंगची शाळा होती. दर पावसाळ्याच्या तोंडाला कन्नड, पैठण, सिल्लोडकडच्या पोरी पत्र्याच्या पेट्या घेऊन तिथं उतरायच्या. डोक्याला चपचपीत तेल, डोळ्यांत भीती आणि सोबत आलेला बाप नाहीतर भाऊ दारातच अवघडून उभा. पहिल्याच दिवशी दमयंतीबाई त्या पोरींना व्हरांड्यात ओळीनं बसवत आणि सुरू करत.

नखं कापा, वॉर्डात बांगड्या वाजता कामा नयेत, इथपासून सुरुवात व्हायची. मग, डॉक्टर ओरडला तर आधी हातातलं काम उरका आणि नंतर न्हाणीत जाऊन हवं तेवढं रडा. पेशंटच्या माणसांशी भांडू नका, ती घाबरलेली असतात म्हणून तोंड सोडतात. कामाच्या पाळीला येताना पोटभर जेवून या, उपाशी नर्स मायाळू राहत नाही. लग्न ठरलं तर नोकरी सोडायची घाई करू नका, आधी नवरा कसा निघतो ते बघा. यावर पोरी तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि हसू ओसरलं की बाईंचा आवाज खाली यायचा. चूक होणार, त्या म्हणत. माझ्या झाल्या, तुमच्याही होतील. झाली की त्याच पावली येऊन सांगायचं. सांगितलेल्या चुकीनं कुणाचं वाटोळं झालेलं मी आजवर पाहिलं नाही.

बाई खोटं बोलत नव्हत्या. एवढंच की त्या दवाखान्यात तोवर कुणी आपण होऊन चूक सांगितलीच नव्हती. ज्या काही व्हायच्या त्या चादरीखाली जायच्या आणि बाईंच्या नजरेला पडेस्तोवर बऱ्या होऊन जायच्या. एवढी वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला हे उमगू नये याचं नवल वाटतं खरं. पण सल्ला देणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही, म्हणून तो देताना जीभ अडखळत नाही.

बाई मूळच्या याच शहरातल्या. वडील व्यंकटराव निजामाच्या कचेरीत कारकून होते आणि त्यांचं उर्दू अक्षर मोत्यासारखं होतं. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, कचेरीची भाषा बदलली आणि त्या अक्षराला कुणी विचारेना. घरात खाणारी तोंडं मात्र तेवढीच राहिली. थोरली दमयंती हैदराबादला नर्सिंग शिकायला गेली तेव्हा व्यंकटरावांनी आळीत सांगितलं, पोरगी मास्तरीण व्हायला गेली आहे. पुढं कितीतरी वर्षं आळी तिला मास्तरीण समजत होती आणि घर तिच्या पगारावर जेवत होतं. लग्न राहून गेलं. कुणी मुद्दाम राहू दिलं असं नाही, पण कुणी फारसं मनावरही घेतलं नाही. तेव्हापासून बाईंच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती की नर्सची ही पांढरी टोपी म्हणजे बाईमाणसाला घराबाहेर पडायचं एक दार आहे, आणि ते जिच्यासाठी उघडता येईल तिच्यासाठी उघडायचं.

मनकर्णेसाठी ते त्यांनी अक्षरशः धक्के मारून उघडलं होतं. ही पोरगी पिशोरची. लहान वयात लग्न झालं, आणि नवऱ्यानं एक दिवस दाराच्या अडसरानं मारून तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं. भाऊ रामकिसन तिला माहेरी घेऊन आला. बहिणीच्या बाळंतपणाला सोबत म्हणून ती दवाखान्यात आली होती तेव्हा बाईंनी पाहिलं, की ही आपल्या बहिणीबरोबर शेजारच्या खाटेवरच्या परक्या बाईचंही भांडं उचलते आणि नाक मुरडत नाही. सातवी पास आहे म्हटल्यावर बाईंनी एसटी पकडली आणि थेट पिशोर गाठलं.

रामकिसन वाईट माणूस नव्हता. पण त्याची बायको माजघरातून भांडी जरा जास्तच जोरानं आपटत होती आणि ते त्याला ऐकू येत होतं. त्यानं सरळ सांगितलं की शिकू द्या, मी आडवा येत नाही. पण शिक्षण सुटलं तर मात्र मी तिला नवऱ्याच्या दारात नेऊन सोडणार. लग्न झालेली बहीण जन्मभर ओसरीवर बसवून ठेवायला मला जमायचं नाही. बाईंनी त्याला शब्द दिला की तशी वेळ येणार नाही. शब्द देताना त्यांना अगदी हलकं वाटलं होतं.

आणि पोरगी खरंच सोन्यासारखी निघाली. हातात दिवा घेऊन शपथ घ्यायच्या कार्यक्रमात तिच्या डोक्यावर टोपी चढवली तेव्हा ती एवढी ताठ उभी राहिली, की जणू टोपीऐवजी भरलेली घागर ठेवली असावी. दुसरं वर्ष अर्ध्यावर आलं होतं.

थंडीचे दिवस होते. पाचोडच्या साळूबाईचं दुपारी सिझर झालं. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं अंग बधिर केलं होतं. मुलगा झाला, दोघंही ठीक होते. दिवेलागणीला बाळंतिणीला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. जवळ तिची सासू आवडाबाई बसली होती. तिनं सुनेच्या पायांना हात लावला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. पाय गार होते आणि हलत नव्हते. म्हातारीनं जन्मात असे पाय एकाच प्रकारच्या माणसाचे पाहिले होते. तिनं मनकर्णेचा हात धरला आणि रडत म्हणायला लागली की माझी सून चालली, हिला शेक दे.

अशा वेळी शेक द्यायचा नसतो. पाठीत इंजेक्शन दिलेल्या पेशंटच्या पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवायची नाही, घोंगडी घालायची, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. बधिर अंगाला भाजतंय ते कळत नाही आणि ते ओरडून सांगत नाही, म्हणून. मनकर्णेला ते पाठ होतं. पण वॉर्डातल्या सगळ्या घोंगड्या कुणाकुणाच्या अंगावर होत्या, दमयंतीबाई जेवायला मागच्या क्वार्टरवर गेल्या होत्या आणि म्हातारी हात सोडेना. मनकर्णेनं मनाशी ठरवलं की गरम नको, नुसती कोमट ठेवू. मागच्या अंगणातल्या चुलीवरचं पाणी पिशवीत भरलं, त्यात गार ओतलं, टॉवेलात गुंडाळली, हातानं बघितली. कोमट होती. तिनं ती साळूबाईच्या दोन्ही टाचांना लावून ठेवली. म्हातारी गप्प झाली, थोड्या वेळानं बाळंतिणीची हुडहुडीही थांबली. ती त्या पिशवीनं थांबली नव्हती, ती तशीही थांबणारच होती. पण मनकर्णेला वाटलं की आपल्या हातून एक चांगलं काम झालं.

रात्रभर साळूबाई दुखणं थांबवायच्या इंजेक्शनच्या गुंगीत होती. सकाळी अंग पुसताना मनकर्णेनं तिच्या पायावरचं पांघरूण बाजूला केलं. दोन्ही टाचांवर टरारून फोड आले होते. डाव्या टाचेचं कातडं टॉवेलाबरोबर निघून आलं.

ती तशीच क्वार्टरवर गेली. दमयंतीबाई चहा गाळत होत्या. मनकर्णेनं उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही आणि काही वाढवलं नाही. बाईंनी गाळणं बाजूला ठेवलं. त्यांनी एवढ्या वर्षांत जे सांगितलं होतं तेच सांगितलं. चल, डॉक्टरांच्या नजरेला पडायच्या आत तू स्वतः सांग.

डॉक्टर हेमचंद्र पुण्याहून शिकून आलेले, हाताला यश असलेले आणि डोक्यानं तापट. त्यांनी मनकर्णेचं सगळं ऐकून घेतलं. टाच बराच वेळ पाहिली. एव्हाना साळूबाईची गुंगी उतरून पायांत जाग आली होती आणि जागेबरोबर आगही. ती उशीचं टोक दातात धरून विव्हळत होती आणि शेजारी पोर भुकेनं रडत होतं, त्याला घ्यायला तिला कुशीवर वळता येत नव्हतं. डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी मनकर्णेपुढं हात केला आणि म्हणाले, "टोपी."

त्या शाळेत टोपी काढून घेणं म्हणजे वॉर्डाचं दार बंद. मनकर्णेनं केसांतल्या पिना एकेक करून काढल्या. सगळ्या खाटांवरून बायका बघत होत्या. तिनं टोपी डॉक्टरांच्या हातावर ठेवली आणि खाली मान घालून होस्टेलकडं गेली. शुक्रवारी ट्रस्टची बैठक होती, तीत पुढचं ठरणार होतं, आणि पिशोरला भावाकडं निरोपही गेला.

इथून दमयंतीबाईंची धावाधाव सुरू झाली. त्यांना एकच दिसत होतं. शुक्रवारी नाव कमी झालं की रामकिसन पोरीला उचलणार आणि जिथं तिचं हाड मोडलं त्याच घरात नेऊन सोडणार, आणि रामकिसनला शब्द आपण दिला होता. जेवण जाईना. वॉर्डात एका पेशंटचं औषध त्यांनी दुसरीच्या खाटेशी नेलं आणि वेळेत लक्षात आलं म्हणून निभावलं.

आधी त्यांनी डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर म्हणाले की मी तिला वाईट म्हणत नाही. पण त्या बाईची जखम भरायला महिना लागेल, ओली बाळंतीण आहे आणि ती पाय टेकू शकत नाही. तिच्या नवऱ्यानं मला विचारलं की पोटाचं ऑपरेशन केलंत, पाय कसे भाजले? मी काय सांगू? हा प्रश्न बाईंनाही पडला होता. साळूबाईचं ड्रेसिंग त्या स्वतः करत होत्या. चिमट्यानं पट्टी ओढताना ती बाई ज्या आवाजात आईला हाक मारायची, तो आवाज बाईंच्या कानातून जात नव्हता.

मग त्या ट्रस्टच्या प्रमुखांकडं, आप्पासाहेबांकडं गेल्या. शहागंजात त्यांचं कापडाचं दुकान. गादीवर बसवून त्यांनी चहा मागवला, बाईंच्या सेवेचं कौतुक केलं, आणि घोडं कुठं अडलंय ते आडपडदा न ठेवता सांगितलं. दवाखाना लोकांच्या विश्वासावर चालतो. उद्या पाचोडच्या बाजारात बोभाटा झाला की तिकडची एक बाई इथं येणार नाही. पेशंटच्याच माणसानं बैठकीत येऊन म्हटलं, की आम्हीच हट्ट धरला म्हणून त्या पोरीनं पिशवी ठेवली, तर मला काही करता येईल.

एवढं ऐकून बाई जवळजवळ पळतच परत आल्या. आवडाबाई मागच्या अंगणात सुनेसाठी पेज शिजवत होती. बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या, पांढऱ्या साडीचा घोळ राखेत पडला तरी त्यांना शुद्ध नव्हती. त्यांनी म्हातारीला मनकर्णेची सगळी कहाणी सांगितली. मोडलेलं हाड सांगितलं. फक्त एक वाक्य बोला म्हणाल्या.

म्हातारीनं आधी कानावर हात ठेवले. मी कशाला सांगू शेक द्यायला, मला काय कळतं दवाखान्यातलं. मग तिनं आजूबाजूला पाहिलं. तिचा मुलगा पुंजाराम दूर नळावर फडकी धूत होता.

"बाई, पोरगी गुणाची हाय, मला काय दिसत नाय का," आवडाबाई हळूच म्हणाली. "पण म्या म्हणले असं ह्याला कळलं तर ह्यो मला दारात उभी करायचा नाय. परवापून बोलंना झालाय. मला दुसरं घर नाय, बाई."

बाई उठल्या. म्हातारीवर रागवावं असं त्यांना फार वाटलं, पण राग येईना. त्या अंगणात एकाच वेळी दोन बायकांना आपापलं घर वाचवायचं होतं आणि एकीचं वाचलं की दुसरीचं जाणार होतं. असल्या हिशेबात बाईंनी सगळा जन्म काढला होता, पण त्याचं उत्तर त्यांना अजून आलेलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी, बैठकीच्या आधी, त्या होस्टेलवर गेल्या. मनकर्णा पेटीवर बसली होती. पेटी भरून तयार होती आणि खोलीचा केरही तिनं काढून ठेवला होता. स्वयंपाकीणबाईनं दोघींसाठी चहा आणला, चुलीवरून उतरलेला, स्टीलच्या पेल्यांत. दमयंतीबाईंनी पेला धरला आणि चटका बसून खाली ठेवला, मग पदरात धरून उचलला. समोर मनकर्णेनं पेला तळहातात गच्च धरला होता. ती त्याच्यावर फुंकर घालत नव्हती, हात बदलत नव्हती. नुसती भिंतीकडं बघत बसली होती.

बाईंनी तिच्या हातातून पेला घेतला आणि तिचा हात उलटा करून पाहिला. कातडी जाड, पिवळट झालेली, बोटांच्या मुळाशी घट्टे. त्यांनी आपलं नख तिच्या तळहातावर दाबलं. मनकर्णेला ते टोचलं नाही, हे काय म्हणून ती त्यांच्याकडं बघत राहिली.

त्यांनी विचारलं, पिशवी कशानं बघितली होतीस? कोपराच्या आतल्या बाजूनं बघायची, असं शिकवलं होतं ना? मनकर्णा म्हणाली की पिशवी घेऊन आल्याबरोबर म्हातारीनं पुन्हा दंड धरून ठेवला होता, घाईत तळहातानंच बघितली. कोमट लागली. मग तिनं हाताबद्दल सांगितलं, जसं एखादीनं आपल्या गावाबद्दल सांगावं तसं. कळायला लागल्यापासून घरच्या आणि मजुरांच्या भाकरी तिच्याकडंच होत्या. सासरी तर पाटीभर थापायच्या. उलथनं वापरलेलं सासूला खपायचं नाही, हातानं उलटायची. सुरुवातीला चटका बसला की ती ओरडायची. ओरडलं की सासू तोच हात धरून तव्याला आणखी एकदा लावायची. मग हळूहळू चटका लागायचाच बंद झाला.

हे ऐकून बाईंना काय वाटलं असेल? त्यांना आनंद झाला. खरंच झाला. रडू यायला हवं होतं, पण बुडणाऱ्या माणसाच्या हाताला काहीतरी लागलं की ते काय आहे हे तो बघत बसत नाही. पोरीचा निष्काळजीपणा नव्हता. तिनं पिशवी तपासली होती. तिच्या हातानं तिला फसवलं होतं, आणि तो हात तसा दुसऱ्यांनी करून ठेवला होता. हे समजल्यावर कोण तिला काढून टाकील? त्यांनी मनकर्णेला सांगितलं, आत बोलावलं की नुसता हात पुढं कर, बाकी मी बघते. मनकर्णेच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत पहिल्यांदा थोडं रक्त आलं.

बैठकीला ट्रस्टची चार मंडळी होती, डॉक्टर होते आणि दाराशी पुंजाराम डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभा होता. बाहेर बाकावर रामकिसन येऊन बसला होता. दमयंतीबाई बोलल्या. इतकं मनापासून त्या व्हरांड्यात पोरींपुढंही कधी बोलल्या नव्हत्या. आप्पासाहेबांनी मनकर्णेला जवळ बोलावलं, तिचा तळहात उजेडाकडं करून बघितला, बोटानं दाबून बघितला. शेजारचा एक जण हळहळला. पुंजारामानंही मान खाली घातली. बाईंचा जीव भांड्यात पडला.

मग डॉक्टर बोलले. आवाजात राग नव्हता, उलट जरा दुःखच होतं.

"दमयंतीबाई, मला हे माहीत नव्हतं. वाईट झालं. पण मग हा हात मी कुणाच्या अंगाला लावू देऊ? उद्या ही तान्ह्या पोराच्या अंघोळीचं पाणी बघणार. कुणाचा ताप बघणार. आणि सांगणार, कोमट आहे."

बाईंनी घाईघाईनं सांगितलं की कोपरानं बघितलं की सगळ्यांना सारखंच कळतं, ती इथून पुढं कोपरानं बघेल, थर्मामीटर तर काचेचा असतो, त्याला हाताचं काय. डॉक्टरांनी नुसतं विचारलं की कोपरानं बघायला तुम्ही शिकवलं नव्हतंत का. शिकवलं होतं. ज्या गोष्टीनं पोरगी वाचायची तिनंच ती बुडत होती, आणि ती गोष्ट बैठकीत आणली होती स्वतः त्यांनीच.

आप्पासाहेबांनी घसा साफ केला. तेवढ्यात दमयंतीबाई खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पिशवी ठेवायला मी सांगितलं होतं."

खोलीत सगळ्यांच्या माना वळल्या. बाई भराभर बोलत सुटल्या. जेवायला जाताना मीच सांगून गेले, की बाळंतिणीला फारच थंडी वाजली तर पिशवी ठेव. शिकाऊ मुलगी, तिनं ऐकलं. चूक माझी आहे, काढायचं तर मला काढा. जन्मात त्या इतकं धडधडीत खोटं कधी बोलल्या नव्हत्या आणि ते त्यांना चांगलं जमतही होतं. आप्पासाहेबांचा चेहरा विचारात पडला. पुंजाराम पुढं सरकून ऐकायला लागला.

"नाय," मनकर्णा म्हणाली. "बाईंनी नव्हतं सांगितलं. बाई तवा वॉर्डात नव्हत्या. म्या माझ्या मनानं ठिवली."

बाईंनी तिच्याकडं अशा नजरेनं बघितलं, की हातात काही असतं तर त्यांनी फेकून मारलं असतं. मनकर्णेनं नजर चुकवली नाही. पुढं ठरायला काही उरलं नव्हतं. आप्पासाहेब म्हणाले की बाई, तुम्ही चार दिवस झोपलेल्या दिसत नाही, तुमचं बोलणं आम्ही ऐकलं नाही असं समजू. मुलीचं नाव कमी करावं लागेल. पुंजाराम बायकोच्या वॉर्डाकडं निघून गेला.

बाहेर आल्याबरोबर दमयंतीबाईंनी मनकर्णेला दंडाला धरून नळाच्या मागच्या भिंतीशी ओढत नेलं. रागानं त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. घटकाभर तोंड बंद ठेवलं असतं तर तुझं काय गेलं असतं, त्यांनी विचारलं. मी सांगतेय ना मी केलं म्हणून. माझं काय झालं असतं ते मी बघून घेतलं असतं.

"तुम्ही बघून घेतलं असतं, बाई," मनकर्णा म्हणाली. "पर मग मी कुठं आले असते?"

बाईंना कळलं नाही.

"दादा मला तिथं सोडणार. म्या तिथं ऱ्हाणार नाय. ह्या बारीला हाड मोडस्तोवर वाट बघायची नाय, त्याच्या आधीच पळायचं. पळाले तर दादाकडं जाता यायचं नाय. ह्या शहरात मला तुमच्याबिगर कुणी ठावं नाय. तुमालाच इथून काढलं तर मी येऊन कुणाचं दार वाजवू?"

हे ती रडत सांगत नव्हती. तिनं पेटीवर बसून सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं, आणि त्यात दमयंतीबाईंचं क्वार्टर जागेवर असणं गरजेचं होतं, एवढंच.

बाईंचा राग एकदम ओसरला. भिंतीला टेकून त्या उभ्या राहिल्या. वॉर्डात कसं वागावं, डॉक्टरशी कसं बोलावं, नवरा कसा पारखावा, सगळं सांगायची सवय असलेल्या बाईला आता सांगण्यासारखं काही आठवेना. शेवटी त्या म्हणाल्या की समोरून येऊ नकोस, वॉचमन हटकेल. कुंभाराच्या गल्लीतून ये, मागच्या भिंतीला फाटक आहे, त्याच्या आत लगेच माझं दार. कधीही ये. काही घेऊन यायच्या नादात थांबू नकोस, जशी असशील तशी नीघ. मनकर्णेनं ते ऐकून मान हलवली आणि गल्ली पुन्हा एकदा विचारून घेतली.

रामकिसन आला. त्यानं बाईंना वाकून नमस्कार केला, कारण तो वाईट माणूस नव्हता, आणि पेटी खांद्यावर घेतली. बाई त्याला म्हणाल्या की तिला तुझ्याच घरी राहू दे, महिनाभर तरी, मी दुसरीकडं काहीतरी बघते. तो म्हणाला की बघू, बाई. त्या ‘बघू’चा अर्थ तिघांनाही माहीत होता. बहीणभाऊ एसटी स्टँडच्या दिशेनं गेले. बाई वॉर्डात परतल्या, कारण साळूबाईची पट्टी बदलायची राहिली होती.

महिना काय, दोन महिने त्या ओळखीपाळखीच्या दवाखान्यांतून फिरल्या. टोपी काढून घेतलेली मुलगी म्हटल्यावर कुणी पुढचं ऐकत नसे. रामकिसननं आठवडाभरही वाट न बघता तिला नवऱ्याच्या दारात नेऊन सोडलं होतं, हे त्यांना पिशोरकडच्या एका पेशंटकडून कळलं.

दमयंतीबाई त्या शुक्रवारपासून मागच्या दाराला आतून कडी लावत नाहीत. मांजरं येऊन दूध सांडून जातात, शेजारची सिस्टर चोरांची भीती घालते, तरी लावत नाहीत. पोरीच्या सासरकडची कुणी बाळंतीण आली की त्या तिच्या सोबतच्या बायकांना मनकर्णेचं विचारतात. बायका सांगतात, नांदतीय की चांगली, आता काय सुदीक तक्रार नाय तिची. आम्ही तर तिचा आवाजबी ऐकत नाय.